सांगलीत नव्यानं राहायला आलात? इथल्या उन्हाचा उपयोग करायला शिका

मार्च-एप्रिलमध्ये सांगलीत बदलून आलेला माणूस पहिल्या आठवड्यात उन्हाबद्दलच बोलतो. दुपारी पारा चाळिशीला टेकतो, ओठ फुटतात, दोरीवर टाकलेला टॉवेल तासाभरात पापडासारखा ताठ होतो. त्या टॉवेलकडे जरा नीट बघा. सांगली सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, त्यामुळं उन्हाळ्यात इथली हवा तापते तशीच खडखडीत कोरडी होते. सांगलीच्या नावाजलेल्या बऱ्याच गोष्टी या कोरड्या हवेनं दिलेल्या आहेत. हळद हिच्यात वाळते, तासगावचा बेदाणा हिच्यात होतो, चुरमुरे हिच्यात कुरकुरीत राहतात आणि मातीचा माठ हिच्या जोरावर पाणी गार करतो. जूनमध्ये ओल आली की हे सगळं अवघड होऊन बसतं.

म्हणून हा लेख ऋतूच्या क्रमानं लिहिलाय. आधी उन्हाळा, मग पाऊस आणि नदी, शेवटी थंडी. ज्या महिन्यात आला असाल तिथून सुरुवात करा. एक गोष्ट मात्र बाराही महिने पाळा: कुठलीही वस्तू पहिल्या वर्षी थोडीच घ्या. पाव किलो बिघडलं तर शिकायला मिळतं, पाच किलो बिघडलं तर घरात वाद होतो.

माठ: फेब्रुवारीच्या अखेरीला

रस्त्याकडेला माठांच्या राशी दिसायला लागल्या की लगेच घ्या. एप्रिलमध्ये चांगले निवडून गेलेले असतात. दोन-तीन माणसांना 8 ते 10 लिटरचा पुरतो. मोठा घेतला तर तळाला शिळं पाणी राहतं आणि धुवायचा कंटाळा येतो.

बोटाच्या पेरानं माठ वाजवून बघा. टणटणीत आवाज आला तर भाजणी चांगली आणि तडा नाही, बद्द आवाज आला तर परत ठेवा. मग तोंड उजेडाकडं करून आत बघा, बारीक चीर असेल तर उजेडाची रेघ दिसते. बाहेरून ऑईल पेंटची नक्षी काढलेला माठ दिसायला छान असतो, पण रंगानं मातीची छिद्रं बुजतात आणि पाणी गार होत नाही. तोटीचा माठ सोयीचा खरा, मात्र गळती हमखास तोटीच्या सांध्यातून होते. दुकानातच पाणी भरून दहा मिनिटं थांबायची तयारी असेल तरच तो घ्या.

1. घरी आणल्यावर आतून-बाहेरून साध्या पाण्यानं नारळाच्या शेंडीनं घासा. साबण अजिबात नको. माती तो पिऊन घेते आणि पुढं कितीतरी दिवस पाण्याला वास येतो.
2. काठोकाठ भरून 24 तास ठेवा, ते पाणी झाडांना घाला, पुन्हा भरा, पुन्हा 24 तास. पहिल्या दिवशी माठ बाहेरून घामेजला, खाली थेंब पडले, तर तसंच व्हायला हवं.
3. तिसऱ्या दिवसापासून पिण्याचं पाणी भरा. आधी गाळत किंवा उकळत असाल तर ते चालू ठेवा. माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही.
4. जागा नीट निवडा. खिडकीतून वारा येतो पण ऊन पडत नाही अशा ठिकाणी तिवईवर ठेवा, म्हणजे बुडाखालूनही हवा खेळेल. गॅसच्या ओट्यावर किंवा फ्रीजच्या मागं ठेवू नका.
5. रात्री झोपताना भरा. पाणी गार व्हायला पाच-सहा तास लागतात. दुपारी एकला भरून दोनला प्यायचं म्हटलं तर निराशाच होणार.
6. दर तिसऱ्या दिवशी पूर्ण रिकामा करून घासा आणि कायम झाकण ठेवा. डेंगूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातही अंडी घालतो.

हे काम कसं चालतं ते कळलं की बिघाडही कळतो. छिद्रांतून झिरपलेलं पाणी बाहेरच्या अंगावर येऊन वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं ते भराभर वाळतं. माठावर ओलं फडकं गुंडाळलं तर आणखी फरक पडतो. महिना-दीड महिन्यानं बाहेर पांढरट खरपूड दिसायला लागते, ती बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांची. तिनं छिद्रं बुजतात आणि माठ मंद होतो. लिंबाची साल आणि शेंडी यांनी घासून बघा. तरी उपयोग झाला नाही तर त्यात कढीपत्त्याचं रोप लावा आणि नवा माठ आणा.

वाळ्याची सवय लावून घ्याच. चिमूटभर मुळ्या धुऊन पातळ पांढऱ्या कापडात पुरचुंडी बांधायची आणि माठात सोडायची. दोन दिवसांनी काढून उन्हात खडखडीत वाळवायची, पुन्हा सोडायची. आठ-दहा दिवसांत वास उतरतो, मग नवी. पुरचुंडी तशीच पाण्यात विसरली तर मुळ्या बुळबुळीत होतात आणि पाण्याला कुजका वास मारतो.

पाऊस सुरू झाला की माठ रिकामा करून उन्हात वाळवा आणि उपडा ठेवा. जुलैच्या हवेत तो काही करू शकत नाही.

हळद: फेब्रुवारी ते एप्रिल

सांगलीत राहून पाकिटातली हळद पूड वापरणं म्हणजे नदीकाठी राहून टँकर मागवणं. ही देशातल्या मोठ्या हळद बाजारपेठांपैकी एक, आणि 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद साधारण नऊ महिन्यांनी निघते. ती शिजवतात, उन्हात दोन आठवडे वाळवतात, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात, मग नवा माल बाजारात येतो. मार्केट यार्डातले सौदे पोत्यांचे असतात, त्यांत आपलं काम नाही. गणपती पेठेतल्या किराणा-मसाल्याच्या दुकानात अख्खं हळकुंड सुटं मिळतं.

किती घ्यायची? चार माणसांच्या घरात रोज एक लहान चमचा, म्हणजे 3 ग्रॅमच्या आसपास हळद लागते. महिन्याला 100 ग्रॅम धरा. एक किलो हळकुंडाला थोडी घट जाऊन नऊ-दहा महिने पुरेल इतकी पूड होते. दोघांनाच लागत असेल तर अर्धा किलो.

दुकानदार राजापुरी, सेलम अशी जातींची नावं सांगेल. पहिल्या वर्षी दोन्ही थोडी थोडी घ्या, वेगवेगळी दळा आणि स्वतःच्या नाकानं ठरवा. निवडताना हळकुंड मोडून बघायला मागा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. ते कट् आवाज करून तुटलं पाहिजे. वाकलं किंवा चिवट लागलं तर वाळणं अर्धवट आहे आणि घरी आणल्यावर बुरशी येणार. आतला भाग गडद केशरी-पिवळा, मेणासारखा चमकदार हवा. बारीक भोकं किंवा पिठूळ भुगा दिसला तर कीड लागलीय. हाताला नुसतं धरल्याबरोबर भसाभस पिवळा रंग लागला तर वरून रंग चोळलेला असू शकतो, तो माल सोडा. हळकुंडाऐवजी गड्डा, म्हणजे मधला जाड कंद, स्वस्त पडतो आणि तोही वाईट नसतो, पण फोडायला फार कष्ट पडतात.

मग घरी:

1. हळकुंडं कोरड्या फडक्यानं पुसा. धुवायची नाहीत.
2. दोन दिवस, सकाळी 10 ते दुपारी 4, कडक उन्हात पसरा. रात्री आत घ्या.
3. खलबत्त्यात ओबडधोबड फोडा. अख्खं हळकुंड मिक्सरमध्ये टाकलं तर पातं तरी मोडतं नाहीतर भांडं तरी चरतं.
4. जवळच्या कांडप केंद्रात जाऊन आधी विचारा, हळद कुठल्या वेळी करता? उन्हाळ्यात तिथं दिवसभर मिरची चालते आणि मिरचीनंतर लगेच हळद टाकली तर पुडीला तिखटाचा झटका येतो. सकाळचा पहिला घाणा हळदीचा असेल तो बघून जा.
5. पूड हातात येते तेव्हा चांगली गरम असते. ती तशीच डब्यात भरणं ही नवख्यांची सगळ्यांत मोठी चूक. आत वाफ धरते, गोळे होतात. घरी आणून परातीत पसरा आणि दोन तास सावलीत निववा.
6. मोठी बरणी घट्ट झाकणाची, अंधाऱ्या फडताळात. रोजच्या डब्यात दोन-तीन आठवड्यांपुरतीच काढा.

अंधाराचा आग्रह एवढ्यासाठी की हळदीचा पिवळेपणा उजेडानं, उन्हानं उडतो. ओट्यावर काचेच्या पारदर्शक बरणीत ठेवलेली पूड काही महिन्यांत फिकी दिसते. तेच हळकुंड अख्खं असेल तर रंग आणि वास आत राहतो, म्हणून सगळी एकदम न दळता दोन वेळा, मार्चमध्ये अर्धी आणि दिवाळीच्या आधी अर्धी, दळली तर आणखी चांगलं.

हळद साठवण्याचं सांगलीचं मूळ शहाणपण बघायचं असेल तर हरिपूरला जा. शहरापासून चार-एक किलोमीटरवर, कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी, जमिनीखाली खणलेली पेवं आहेत. चिवट मातीत खोल खणून हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून बंद करायचं. आत हवा खेळत नसल्यामुळं कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्याबरोबर माणूस आत उतरत नाही, कारण आत श्वास घ्यायला हवाच नसते. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरून मोठं नुकसान झालं. पेवाचं सारं बळ कोरडेपणात होतं आणि तेच गेलं. घरातल्या बरणीत ओला चमचा घालणं हा त्याच महापुराचा लहान अवतार समजा.

स्वयंपाकात एक बारीक बदल करून बघा. मोहरी तडतडली की आच मंद करा, हळद टाका, तीन-चार सेकंद थांबा आणि लगेच भाजी टाका. हळदीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नीट उतरत नाही, म्हणून वरून भुरभुरलेली हळद कच्ची लागते. दहा सेकंद थांबलात तर मात्र ती तपकिरी होऊन कडू होते.

बेदाणा

याचं काम दोन मिनिटांचं. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. द्राक्षाचे घड द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात आणि दोनेक आठवड्यांत वाळवतात. फार हिरवाकंच, चकचकीत बेदाणा बहुधा गंधकाची धुरी जास्त दिलेला असतो, त्याचा वास घशाला टोचतो. फिकट हिरवा किंवा पिवळसर घ्या, मार्च-एप्रिलमध्ये, अर्धा किलो. हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ठेवला तर काळवंडतो आणि आत साखरेचे कण धरतात.

रात्री 10-12 बेदाणे कोमट पाण्यानं दोनदा चोळून धुवा, अर्धी वाटी पाण्यात भिजत घाला, सकाळी चावून खा आणि पाणी पिऊन टाका. पहिलं धुतलेलं पाणी फेकायचं, भिजलेलं प्यायचं, एवढाच नियम.

भडंग: खरं तर बारमाही

पाहुण्यांना द्यायचं पाकीट विकत आणा, पण घरातलं भडंग, म्हणजे तिखट फोडणीचे चुरमुरे, घरीच करा. विकतच्यात तेल आणि साखर दुसऱ्याच्या अंदाजानं पडलेली असते. दुकानात नुसते चुरमुरे मागू नका, 'भडंगाचे चुरमुरे द्या' म्हणा. ते जाड आणि फुललेले असतात. भेळेचे पातळ चुरमुरे तेल पिऊन चामट होतात.

250 ग्रॅम चुरमुऱ्यांना हे प्रमाण धरा: शेंगदाणे 150 ग्रॅम, तेल 100 मिली, लसणाच्या 20 पाकळ्या सालासकट ठेचून, कढीपत्ता दोन मुठी, लाल तिखट 3 चहाचे चमचे, हळद अर्धा चमचा, मीठ 2 चमचे, साखर 2 ते 3 चमचे, धनेपूड 1 चमचा. तिखट म्हणजे रंगाची आणि झोंबरी मिरची निम्मी निम्मी.

आधी मीठ, साखर, तिखट आणि धनेपूड मिक्सरमध्ये एकत्र फिरवून पिठासारखं बारीक करा. ही पायरी लोक गाळतात आणि मग मीठ तळाशी, चुरमुरे अळणी अशी तक्रार करतात. तेलात मीठ विरघळत नाही. ते चुरमुऱ्याला चिकटायचं तर धुळीसारखं बारीकच हवं.

चुरमुरे दोन तास उन्हात ठेवा. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा मोठ्या कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटं हलवत भाजा. एक दाणा बोटात धरून चुरडा, कुर्र करून त्याचा भुगा झाला पाहिजे. दबून चपटा झाला तर अजून भाजा. इथं घाई केली तर पुढं कितीही चांगली फोडणी दिली तरी भडंग मऊच राहतं.

कढीपत्ता धुतला असेल तर पुसून पूर्ण कोरडा करा, नाहीतर तेल अंगावर उडतं आणि तेवढी ओल भडंगात जाते. आता मोठ्या पातेल्यात तेल तापवून मंद आचेवर शेंगदाणे पाच-सहा मिनिटं तळा, साल तडकून आतला रंग बदामी झाला की काढून घ्या. त्याच तेलात लसूण टाका. तो सोनेरी आणि कडक होईपर्यंत तळायचा, मऊ राहिला तर दोन दिवसांत त्याचा वास बिघडतो. मग कढीपत्ता. तो चुरचुरला की गॅस बंद.

गॅस बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबा. मगच हळद आणि बारीक केलेलं मिश्रण घाला. कडकडीत तेलात तिखट टाकलं तर क्षणात काळं होतं, घरभर ठसका उठतो आणि सगळं कडवट लागतं. शेजारीही खोकतात. आता चुरमुरे तीन भागांत घाला, प्रत्येक वेळी खालीवर करा. शेवटी शेंगदाणे घालून अगदी बारीक आचेवर तीन-चार मिनिटं परता.

परातीत पसरून पूर्ण गार करा, झाकण न ठेवता. कोमट भडंग डब्यात भरलं की स्वतःच्याच वाफेनं मऊ पडतं. कोरड्या घट्ट डब्यात पंधरा दिवस चांगलं राहतं. कांदा, कोथिंबीर, लिंबू खायच्या वेळी आणि वाटीपुरतंच. कांदा घातलेलं भडंग पाच मिनिटांत संपवायचं असतं, ते सहसा दोनमध्येच संपतं.

नदी: पाऊस आणि त्यानंतर

संध्याकाळची पंधरा मिनिटं कृष्णेच्या घाटावर काढा. सांगलीतली ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोठी चैन आहे. गणपती मंदिराकडून खाली नदीकडं वाटा उतरतात. वरच्या पायऱ्यांवर बसलं की पाणी, 1929 चा आयर्विन पूल आणि परतणारे बगळे एका नजरेत येतात. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. खंड्या पक्षी बघायचा असेल तर पाण्यावर वाकलेली फांदी शोधून तिच्यावर नजर ठेवा. तो एकाच ठरलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो.

काही गोष्टी मात्र कटाक्षानं पाळा. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या बाजूला त्या वारंवार दिसतात, म्हणून शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसू नका आणि अनोळखी जागी पाण्यात उतरू नका. पोहायचं असेल तर रोज पोहणाऱ्यांच्या जुन्या गटाबरोबरच, त्यांच्या जागी आणि त्यांच्या वेळेला. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचा पातळ थर राहतो. तो वरून वाळलेला दिसतो आणि खाली साबणासारखा निसरडा असतो, त्यामुळं पहिले काही दिवस वरूनच नदी बघा.

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीकर 'आज किती फूट?' असं एकमेकांना विचारतात. हा आकडा आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पावसाळ्यात रोज हा आकडा आणि कोयना धरणातला विसर्ग बघायची सवय लावून घ्या. भाड्याचं घर घेण्याआधी मालकाला विचाराच, पण गल्लीतल्या दोन जुन्या माणसांनाही 'काका, 2019 ला पाणी कुठवर आलं होतं?' म्हणून विचारा. ते भिंतीवर हात ठेवून खूण दाखवतात. ती तुमच्या दारापेक्षा उंच असेल तर कागदपत्रं, हळदीची बरणी आणि धान्य कायम माळ्यावर ठेवायचं.

हरिपूरचा संगम श्रावणातल्या सोमवारी गर्दीचा असतो. शांतपणे बघायचा तर मधल्या वारी सकाळी जा.

थंडी

5 नोव्हेंबर कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा. 1843 साली याच दिवशी विष्णुदास भावे यांनी सांगलीत नाटकाचा प्रयोग केला, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. त्या सुमाराला गावात नाटकाची हवा असते. घरातल्या सगळ्यांनी मिळून वर्षातून एक तरी नाटक त्या दिवसांत बघायचं, असं ठरवून टाका.

मिरज दहा किलोमीटरवर आहे आणि तिथली सतार-तानपुरा करणारी दुकानं बघायला अर्धा दिवस पुरतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर कामात असतो, म्हणून आधी विचारून आत जा, तारांना हात लावू नका, आणि एकच विनंती करा: 'जवारी कशी लावता, दाखवाल का?' तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर सरकवला की नुसता टणत्कार करणारी तार एकदम भरून, गुंजत बोलायला लागते, हीच जवारी. हा फरक एकदा कानानं टिपला की पुढं कुठल्याही मैफलीत मागचा तानपुरा तुम्हाला वेगळा ऐकू येईल. मिरजेच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते. तिची तारीख स्थानिक वर्तमानपत्रात येते.

डिसेंबर-जानेवारीत कृष्णाकाठच्या मळीतली, म्हणजे गाळाच्या जमिनीतली, वांगी भरपूर येतात. भरताचं वांगं आकाराच्या मानानं हलकं आणि चकचकीत सालीचं घ्या. जड आणि निस्तेज म्हणजे आत बिया. चार चिरा देऊन आत अळी नाही ना ते बघा, तेल चोळा, गॅसवर मध्यम आचेवर फिरवत बारा-पंधरा मिनिटं भाजा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. साल काढताना नळाखाली धरू नका. धुराचा सगळा स्वाद पाण्याबरोबर मोरीत जातो.

आणि जानेवारीत ओली हळद. मंडईत आल्यासारखी दिसते, मोडली की आत भगवी. तिचं लोणचं करायला अर्धा तास लागतो: ओली हळद 250 ग्रॅम, आलं 50 ग्रॅम, मिरच्या 4-5, मध्यम लिंबं 5, मीठ 4 चहाचे चमचे. आधी हातांना तेल चोळा. हळद धुऊन खरवडा आणि फडक्यावर तासभर पूर्ण कोरडी होऊ द्या. मग काडीसारखी बारीक चिरा, आलं आणि मिरच्याही तशाच. मीठ आणि लिंबाचा रस घालून काचेच्या बरणीत भरा. चार मोठे चमचे तेलात एक चमचा मोहरी आणि अर्धा चमचा हिंगाची फोडणी करून पूर्ण गार झाल्यावर वर ओता. दोन दिवसांत मुरतं, फ्रीजमध्ये महिनाभर टिकतं. बुरशी आली तर कारण जवळजवळ नेहमी एकच: धुतलेली हळद ओली असतानाच चिरली.

चिरताना अंगावरच्या कपड्यांना डाग पडणारच. तो साबणानं धुतला की पिवळ्याचा लालभडक होतो आणि लोक घाबरून कपडा टाकून देतात. साबणातल्या क्षारामुळं हळदीचा रंग तसा बदलतो. भरपूर साध्या पाण्यानं खळबळून काढा, डाग सूर्याकडं करून गच्चीवरच्या दोरीवर टाका. बरणीतली हळद ज्या उन्हापासून लपवायची, तेच ऊन इथं कामाला येतं. कपडा पुन्हा ओला करून दुसऱ्या दिवशीही टाका. डाग गेला नाही तर तिसऱ्या दिवशी.